लॅकरखाली पांढऱ्या रेषा पसरतात: ॲल्युमिनियमच्या इंजिन कव्हरवर रंग टिकवायचा कसा?

वर्धारोड_३५०

नमस्कार मंडळी. साडेतीनशे सीसीची सिंगल सिलिंडर गाडी, सात वर्षं जुनी, रोज वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाणंयेणं. इंजिनचं डावं कव्हर पॉलिश केलेलं आहे आणि वरून पारदर्शक लॅकर. बोल्टच्या डोक्यांपासून निघालेल्या केसासारख्या बारीक, नागमोडी रेषा त्यावर पसरत चालल्या आहेत. वरून बोट फिरवलं तर लॅकर गुळगुळीतच लागतं, रेषा त्याच्या खाली आहेत. नखाने उचकटलं की लॅकरचा पापुद्रा निघतो आणि खाली पांढरी पूड. पुढच्या फोर्कच्या खालच्या नळ्यांवर रंगाला फोड आले आहेत. अलॉय व्हीलच्या काठालाही तेच, आणि मागच्या टायरची हवा पंक्चर नसताना आठवड्याला ५-६ पीएसआय उतरते.

उजवं कव्हर मागच्या वर्षी बारीक वॉटर पेपरने घासून त्यावर डब्यातला सिल्व्हर स्प्रे मारला होता. एका पावसाळ्यात त्याचे पापुद्रे निघाले.

विचारायचं ते असं: चूक नेमकी कुठे होते? स्प्रेचा डबा चालेल की टूके (हार्डनर मिसळून मारायचा दोन घटकांचा रंग) लागेल? चाकांना पावडर कोटिंग (कोरडी पूड उडवून भट्टीत वितळवून बसवलेला रंग) करावं का? आणि काम आत्ता ऑगस्टमध्ये करावं की थांबावं?


हिंगणा_कोटिंग

भाऊ, डाव्या कव्हरवर आहे त्याला फिलिफॉर्म करोजन म्हणतात. रेषेला डोकं आणि शेपटी असते. डोकं म्हणजे पुढे सरकणारं टोक, तिथे क्षार आणि ओल असते, आम्लता असते, आणि तेच धातू खात पुढे जातं. मागची पांढरी शेपटी म्हणजे सुकलेलं ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड, ती मेलेली आहे. आपण घासतो ती शेपटी, कारण दिसते तीच. डोकं लॅकरखाली जिवंत राहतं आणि नव्या रंगाखालून पुन्हा चालू लागतं. म्हणून रेषा जिथे संपलेली दिसते त्याच्या पुढे किमान १०-१५ मिलिमीटरपर्यंत लॅकर काढायचं. कव्हर एवढंसं असतं, सगळंच काढा, ठिगळ लावू नका.

उजव्या कव्हरच्या पापुद्र्यांचं कारण मात्र वेगळं. बारीक पेपरने घासलेल्या चकचकीत ॲल्युमिनियमवर रंगाला धरायला खाचाच नसतात. त्यात डब्यातला सिल्व्हर हार्डनर नसलेला, एकाच घटकाचा ॲक्रिलिक असतो, पेट्रोलचा फडका लागला तरी मऊ पडतो.

कामाचा क्रम सांगतो.

कव्हर गाडीवरून उतरवा. जुनं लॅकर जेलसारख्या पेंट रिमूव्हरने काढा, रबरी हातमोजे घालून, मोकळ्या हवेत. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भाग बुडवायचा सल्ला पुष्कळ जण देतात, तो ऐकू नका. कॉस्टिक ॲल्युमिनियमलाच खातो, फेस येतो तो हायड्रोजन असतो, आणि पृष्ठभाग काळा पडतो. लोखंडी तारेचा ब्रश आणि स्टील वूलही नको. लोखंडाचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि प्रत्येक कणाभोवती नवा डाग सुरू होतो. लाल किंवा राखाडी स्कॉचब्राइट (घासायचं नायलॉनचं पॅड) वापरा.

मग वॉटर पेपर: १८० नंबरने खड्डे मोकळे करा, २४० ने सारखं करा, ३२० वर थांबा. रंग मारायचा असेल तर त्याच्यापुढे जायचं नाही. खड्ड्याच्या तळाशी पांढरं काही उरलं का ते भिंगाने पाहा. सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका राहिला तरी सहा महिन्यांत तिथेच फोड दिसेल. असे ठिपके फॉस्फोरिक ॲसिडच्या साधारण १० टक्के द्रावणाने ब्रश मारून २-३ मिनिटांत सुटतात. नंतर भरपूर पाणी. बाथरूम साफ करायचं ॲसिड चुकूनही नको. ते हायड्रोक्लोरिक असतं, आणि आपल्याला जे क्लोराइड काढायचं आहे तेच ते आत भरतं.

शेवटची धुलाई बोअरच्या पाण्याने करू नका. बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर आणा, दोन लिटर पुरतं. धुताधुता एक तपासणी करून घ्या: कव्हर तिरपं धरून वरून पाणी सोडा. धातू स्वच्छ असेल तर पाणी काचेच्या तावासारखं एकसंध पसरतं आणि अर्धा मिनिट तसंच राहतं. कुठे ताव फाटून थेंब गोळा झाले, तर तिथे अजून तेल आहे. पुन्हा साबण, पुन्हा स्कॉचब्राइट.

हीट गनने सुकवताना कव्हर ६०-७० अंशांवर वीसेक मिनिटं ठेवा. इंजिनच्या ओतकामात बारीक छिद्रं असतात, त्यांतून आत मुरलेलं तेल या वेळी पाझरून वर येतं. थिनरने पुसा, पुन्हा तापवा. फडक्यावर डाग येणं थांबेपर्यंत हे करत राहायचं. जुन्या कव्हरला तीन-चार फेऱ्या सहज लागतात.

सुकल्यावर पहिला थर दोन तासांच्या आत बसलाच पाहिजे. आधी पातळ वॉश प्रायमर (धातूला धरणारा ॲसिडवाला पहिला हात), मग टूके इपॉक्सी प्रायमर दोन हात, सुकून ५०-६० मायक्रॉन. त्यावर टूके पीयू (पॉलियुरेथेन) रंग आणि हवं तर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. दोन्ही कव्हरं आणि दोन फोर्क नळ्या मिळून क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटरच्या आसपास भरतं. बंदुकीतून निम्मा माल हवेत जातो हे धरलं तरी प्रायमर हार्डनरसकट १५० मिली, रंग १५०, क्लिअर १५० पुष्कळ झालं. एक-एक लिटरचे डबे घेऊन बसू नका. हार्डनर एकदा उघडला की हवेतल्या ओलीने खराब होतो.

टूके पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारताना तोंडाला रुमाल किंवा धुळीचा मास्क चालत नाही. सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेलाच मास्क हवा. यात तडजोड नको.


धंतोली_रसायन

वरचं सगळं उत्तम, एक दुरुस्ती करते. वॉश प्रायमरवर इपॉक्सी डोळे मिटून मारू नका. वॉश प्रायमरमध्ये फॉस्फोरिक ॲसिड असतं आणि इपॉक्सीचा हार्डनर अमाइन, म्हणजे अल्कली. खालचं उरलेलं ॲसिड अमाइनला धरून बसतं, मग इपॉक्सीचा तळचा पदर नीट घट्ट होत नाही आणि पुढे दोन्ही थर एकत्र सोलून निघतात. दोन्ही डबे एकाच कंपनीचे असतील आणि माहितीपत्रकात ही जोडी चालते असं लिहिलं असेल तरच करा. नाहीतर दोनांपैकी एक निवडा: घासलेल्या धातूवर थेट इपॉक्सी, किंवा वॉश प्रायमरचा ८-१२ मायक्रॉनचा हात आणि त्यावर पीयू सरफेसर (रंगाआधीचा, पृष्ठभाग सपाट करणारा मधला थर). वॉश प्रायमर स्वतः पाणी अडवत नाही. तो मारून कव्हर रात्रभर उघडं ठेवलं तर सकाळी काम पहिल्यापासून करावं लागेल.

आता हे मुळात होतं काहून, तेही पाहू. ॲल्युमिनियमवर हवेत आपोआप ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा पापुद्रा तयार होतो, तोच त्याचं कवच. साधारण पीएच ४ ते ८.५ या पट्ट्यात तो टिकतो. बाहेर गेलं की विरघळतो, मग ते आम्ल असो की अल्कली. आपल्या नागपुरात अल्कलीचा मारा दोन वाटांनी होतो.

एक म्हणजे सिमेंट रस्ते. काम चालू असलेल्या रस्त्यावरचं ओलं सिमेंटचं पाणी आणि नव्या काँक्रीटवर मुरवण्यासाठी साठवलेलं पाणी यांचा पीएच १२ च्या वर असतो. त्यातून गाडी गेली की कव्हरच्या खालच्या बाजूला आणि चाकांना करडे शिंतोडे बसतात. ते सुकून कडक झाले तर खालचा धातू काळवंडतो, लॅकर जिथे फाटलेलं आहे तिथे तर थेट खड्डा पडतो. त्याच दिवशी साध्या पाण्याने धुवा. वाळलेला डाग ओरबाडू नका, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकंच पाणी घालून पाचेक मिनिटं ओला फडका ठेवा, सिमेंट सुटतं. लगेच पाण्याने धुवून टाका, व्हिनेगरही जास्त वेळ ठेवायचं नाही.

दुसरी वाट म्हणजे वॉशिंग सेंटर. तेलकट इंजिनावर मारतात ते स्वस्त डीग्रीझर बहुतेक कॉस्टिकवालं असतं. गरम इंजिनावर ते पडलं की जागच्या जागी सुकतं आणि पांढरट ओघळ कायमचे राहतात. धुणाऱ्याला सांगा, इंजिन थंड होऊ दे, आणि फक्त शाम्पू. डीग्रीझरच हवं असेल तर केरोसिनने पुसून नंतर शाम्पूने धुतलेलं परवडलं.


वर्धारोड_३५०

ताई, सिमेंटचं लक्षातच आलं नव्हतं. माझ्या रस्त्यावर दोन ठिकाणी काम चालू आहे आणि डाग नेमके कव्हरच्या खालच्या अर्ध्या भागातच जास्त आहेत. मग थेट इपॉक्सीच मारतो. चाकांचं आणि बोल्टचं कोणी सांगाल का?


ओतकाम_कामठीरोड

चाकांसाठी पावडर कोटिंग करण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. इंजिनचं कव्हर आणि चाक दोन्ही ॲल्युमिनियमचं ओतकाम असलं तरी धातू वेगळा. कव्हर बहुधा एडीसी१२ सारख्या डायकास्ट मिश्रधातूचं असतं. त्यात तांबं दीड ते साडेतीन टक्के, म्हणून ओतायला सोपं पण गंजाला कच्चं. त्याला उष्णतेची प्रक्रिया केलेली नसते, त्यामुळे भट्टीत घालायला हरकत नाही.

चाकांना तांबं कमी असलेला, ए३५६ किंवा एलएम२५ च्या घराण्यातला मिश्रधातू वापरतात आणि पुष्कळ चाकांना टी६ प्रक्रिया असते. म्हणजे पाण्यात विझवून नंतर साधारण १५५ ते १७० अंशांवर काही तास पिकवलेलं. चाकाची ताकद या पिकवण्यातून येते. पावडर कोटिंगची भट्टी नेहमी १८०-२०० वर चालते. १०-१५ मिनिटांत फार बिघडत नाही, पण कामाच्या गर्दीत चाक गेटच्या ग्रिलसोबत तासभर २०० वर राहिलं, किंवा रंग बिघडला म्हणून तेच चाक दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा भट्टीत गेलं, तर धातू जास्त पिकतो आणि मऊ पडतो. हे डोळ्यांना दिसत नाही. खड्ड्यात काठ वाकतो तेव्हा कळतं. माझा सल्ला स्पष्ट आहे: चाकांना टूके पीयूच मारा. पावडरच हवी असेल तर १६०-१८० ला पिकणारी पावडर मागा, एकाच फेरीत काम करा, आणि बेअरिंग, सील, व्हॉल्व्ह, कुश ड्राइव्हचे (मागच्या चाकातले धक्का शोषणारे) रबर आधी काढा.

कव्हरला पावडर करणार असाल तर वेगळी अडचण येते. ओतकामाच्या छिद्रांतली हवा आणि तेल भट्टीत फुगून वितळलेल्या पावडरमधून बाहेर येतात, आणि वर टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसतात. कोटिंगवाल्याला सांगायचं की आधी रिकामं कव्हर पावडरच्या तापमानापेक्षा १०-२० अंश जास्त तापवून अर्धा तास ठेव, गार होऊ दे, पूस, मग पावडर उडव. हे न करणाऱ्याकडे काम देऊ नका. ती भोकं म्हणजे पुढच्या पांढऱ्या रेषांची दारं.

हवा उतरते त्याबद्दल: टायर काढून रिमची जी कड टायरच्या बीडला (आतल्या कडक काठाला) टेकते ती पाहा. तिथे पांढरा खरखरीत थर असेल, हवा त्याच्या खालून निसटते. टायर बसवताना लोखंडी पहारीने कड खरवडली गेली की तिथून सुरुवात होते. राखाडी स्कॉचब्राइटने धातू लागेपर्यंत साफ करा, सगळी कड घासा, इपॉक्सी प्रायमरचा एकच पातळ हात द्या आणि दोन दिवस सुकू द्या. इथे जाड रंग नको, बीड नीट बसत नाही. टायर चढवताना बीड सीलर लावा. टायरमध्ये आधी पंक्चरचं जेल भरलेलं असेल तर ते पूर्ण धुवून काढा, काही जेल पाण्यात कालवलेली असतात आणि रिमला आतून सतत ओलं ठेवतात. चिकटवायची वजनंही उचकटून खाली पाहा, त्यांच्या चिकटपट्टीखाली फोड नक्की सापडेल.


गांधीबाग_फिटर

बोल्टचं मी सांगतो. रेषा बोल्टच्या डोक्यापासून निघाल्या हे भाऊने बरोबर टिपलं. पाना फिरला की डोक्याखालचं लॅकर गोल कापलं जातं, त्या कापात पाणी शिरतं. वर लोक चमकायला पाहिजे म्हणून स्टेनलेसचे ॲलन बोल्ट टाकतात. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम ओल्या ठिकाणी एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजतं. कव्हर मोठं आणि बोल्ट छोटा, म्हणून सगळं कव्हर सडत नाही. पण कव्हर रंगवलेलं असलं की उघडा राहतो तो डोक्याभोवतीचा बारीक कडाच, आणि सगळा मारा तिथेच एकवटतो. म्हणून कव्हर झिंक प्लेटिंगच्या, ८.८ ताकदीच्या पोलादी बोल्टनेच बसवा. झिंक ॲल्युमिनियमच्या जवळचा, आधी स्वतः झिजतो. दोन वर्षांनी बोल्ट बदलणं कव्हर बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

काढताना घाई करू नका. पेनिट्रेटिंग ऑइल आदल्या रात्री मारून ठेवा. नाहीच हलला तर बोल्टच्या भोवतीचं कव्हर हीट गनने तापवा, १२० अंशांच्या आसपास. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, आटे सैल होतात. इंजिनात पेट्रोलची गळती नाही ना ते आधी पाहा. जुने चौकडीचे स्क्रू असतील तर हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, साध्या पेचकसाने खाच उडते. आटे गेलेच तर एम६ चं (६ मिमी बोल्टचं) हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारं तारेचं वेटोळं, बसवा, मोठा बोल्ट ठोकू नका, कव्हरची भिंत तिथे पातळ असते.

रंग देताना बोल्टच्या बैठकीवर फक्त प्रायमर राहू द्या, रंग आणि क्लिअर तिथे मास्क करा. जाड रंगावर बोल्ट कसला की रंग दाबला जातो, टॉर्क सुटतो आणि गॅस्केट ओघळायला लागतं. गॅस्केटच्या तोंडावर आणि आतल्या बाजूला काहीच लागता कामा नये. रंग सात दिवस पक्का होऊ द्या, मगच कव्हर चढवा. डोक्याखाली आणि आट्यांना ग्रीसचा पातळ हात. कॉपर ग्रीस नको, तांबं ॲल्युमिनियमला स्टेनलेसपेक्षाही वाईट. एम६ ला कोरडा टॉर्क १० न्यूटन मीटर लिहिलेला असतो, ग्रीस लावलं की ८ पुरे. दोन-तीन फेऱ्यांत, आडव्या-तिडव्या क्रमाने.

आणि बॅटरीची अर्थिंगची (निगेटिव्ह) वायर इंजिनवर जिथे येते ती जागा रंगवू नका. उघडी ठेवा आणि जोडल्यावर वरून ग्रीस लावा. रंगानंतर सेल्फ मारत नाही म्हणून येणाऱ्या गाड्यांत हीच गोष्ट निघते.


हिंगणा_कोटिंग

ताईंची दुरुस्ती मान्य, इपॉक्सीचा डबा वेगळ्या कंपनीचा असेल तर थेट धातूवरच. आता हवामानाचं.

ऑगस्टमध्ये नको. धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर आणि हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली, हा रंगकामाचा साधा नियम आहे. झडीच्या दिवसांत नागपुरात दोन्ही सांभाळणं अवघड. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर ओल धरते आणि रंग दुधाळ होतो. इपॉक्सीवर मेणासारखा चिकट थर येतो, तो न धुता पुढचा हात दिला तर तो सुटणार. मे महिन्यात उलट होतं. ४४-४५ अंशांत थेंब धातूवर पोचण्याआधीच सुकतो आणि रंग हाताला रेतीसारखा लागतो. मे मध्ये करायचंच असेल तर सकाळी सहा ते आठ, आणि मंद थिनर. आपल्याकडे चांगला काळ म्हणजे दसऱ्यानंतर नोव्हेंबर अखेरपर्यंत, आणि पुन्हा फेब्रुवारी. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० च्या आसपास येतो, तेव्हा इपॉक्सी पिकायचं थांबतं. भाग रात्री घरात घ्या.

तोवर रेषा वाढू नयेत म्हणून एवढं करा: सुटलेलं लॅकर उचकटून काढा, पांढरं घासा, डिस्टिल्ड पाण्याने धुवा, सुकवा आणि मेणाचं पॉलिश लावा. धुतल्यावर प्रत्येक वेळी पुन्हा. दिसायला बरं नाही, पण उघड्या धातूवर मेण असलेलं फाटक्या लॅकरपेक्षा बरं, कारण त्याच्या खाली पाणी अडकून राहत नाही.


वर्धारोड_३५०

मग काम दसऱ्यानंतरच. शेवटचं एक विचारतो. सिलिंडरच्या फिन्सवरचा रंगही राखाडी पडून झडतो आहे. त्यांनाही हेच इपॉक्सी-पीयू चालेल का? आणि फोर्कच्या नळ्या न खोलता होतील का?


धंतोली_रसायन

फिन्सना नाही. साधं इपॉक्सी १०० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं आणि पिवळं होतं. हेडजवळचा भाग त्याच्या सहज वर जातो. तिथे सिलिकोनवालं, उष्णता सोसणारं ॲल्युमिनियम पेंट, घासलेल्या धातूवर थेट, प्रायमरशिवाय. दोन अगदी पातळ हात, सुकून २०-२५ मायक्रॉन. जाड थराला तापल्यावर भेगा जातात आणि फिनची उष्णताही अडते. डब्यावर तो किती अंशांवर किती वेळ भाजायचा ते दिलेलं असतं, साधारण २०० अंशांवर तासभर. नुसती गाडी चालवून खालच्या फिन्स तेवढ्या तापत नाहीत. तो भाग अर्धा कच्चा राहतो आणि पेट्रोल सांडलं की निघून येतो. म्हणून सिलिंडर जेव्हा दुसऱ्या कामासाठी खोलाल तेव्हाच हे करा, आणि रिकामं बॅरल भट्टीत भाजून घ्या.


गांधीबाग_फिटर

फोर्क न खोलता होतात, पण चाक, मडगार्ड आणि ब्रेक कॅलिपर काढावं लागेल. कॅलिपर तारेने टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका. ब्रेक फ्लुइडचा एक थेंब नव्या पीयूवर पडला तरी रंग उठतो. वरचा डस्ट सील उचलून त्याच्या खाली मास्किंग टेप भरा आणि क्रोमची नळी कागदात पूर्ण गुंडाळा. घासताना उडालेली एक कणी सीलमध्ये गेली की तेल गळायला लागतं. सुकवताना हीट गन ६० अंशांच्या वर नेऊ नका, आत तेल आणि सील आहेत. ॲक्सल जिथून जातो ते भोक आणि क्लॅम्पची तोंडं उघडीच ठेवा, तिथे रंग बसला तर ॲक्सल अडतो आणि नंतर ठोकून काढावा लागतो. खालचा तेल काढायचा स्क्रू मात्र या वेळी खोलून त्याचा वॉशर बदला. जुन्या गाड्यांत फोर्कच्या रंगाला पहिला फोड त्याच्याच भोवती येतो.